हमीपत्र आणि बंद पडलेले इंजिन : भारतातील दुचाकी-ग्राहकाच्या हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या आर्थिक व सामाजिक इतिहासात दुचाकी वाहनाला जे स्थान आहे, त्याची नोंद कारखानदारीच्या अंगाने पुष्कळ झालेली आहे. आकुर्डीचा कारखाना, परवाना-राजवटीतील प्रतीक्षायादी, उदारीकरणानंतरची स्पर्धा हे विषय परिचयाचे आहेत. मात्र ती गाडी विकत घेणाऱ्या माणसाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. प्राथमिक शाळेतील शिक्षक, संकलन केंद्रावर दुधाचे कॅन पोचविणारा शेतकरी, विमा प्रतिनिधी, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार यांच्या दृष्टीने मोटारसायकल ही घर आणि जमीन यांच्या खालोखालची मोठी खरेदी होती. तिच्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले जाई, दसरा-पाडव्याचा मुहूर्त पाहिला जाई आणि शोरूमच्या दारात हार घालून नारळ फोडला जाई. अशा गाडीचे इंजिन हमीच्या मुदतीतच निकामी झाले, तर त्या माणसाच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक किंवा फार तर कायदेशीर वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा मागोवा घेताना एक सूत्र समोर ठेवले आहे. हमीच्या वाटचालीत ग्राहकाला उपलब्ध होणाऱ्या उपायांची संख्या वाढत गेली. परंतु बिघाड कोणाच्या दोषामुळे झाला हे ज्यावरून ठरते ते साधन, म्हणजे उघडलेले इंजिन, जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर विक्रेत्याच्या व उत्पादकाच्याच ताब्यात राहिले. हक्क आणि पुरावा यांच्यातील हे अंतर समजून घेतल्याशिवाय ग्राहक कायद्याच्या यशापयशाचे मूल्यमापन अपुरे राहते.

बैलबाजारापासून माल विक्री कायद्यापर्यंत

विकत घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर ती परत करता यावी, ही कल्पना इंग्रजी राजवटीबरोबर भारतात आली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खरेदीनंतरच्या परीक्षणाच्या मुदती स्पष्टपणे दिल्या आहेत. बियाण्यांसाठी दहा दिवस, लोखंडासाठी एक दिवस, ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी पाच दिवस, रत्नांसाठी सात दिवस, दुभत्या जनावरांसाठी तीन दिवस असे ते कोष्टक आहे. त्यात दास-दासींसाठीही मुदत आहे, हे त्या समाजव्यवस्थेचे वास्तव नजरेआड करता येत नाही. मनुस्मृतीने सरसकट दहा दिवसांची मुदत सांगितली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात क्रय-विक्रयाच्या या अनुशयाचा, म्हणजे व्यवहार झाल्यावर होणाऱ्या पश्चात्तापाचा, सविस्तर परामर्श घेतला आहे.

या मुदतींमागील गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे. परीक्षण खरेदीदाराने करावयाचे होते आणि ते करण्याचे ज्ञान त्याच्यापाशी होते. बैलबाजारात दात पाहणारा, खूर तपासणारा, बैल चालवून पाहणारा शेतकरी हा विकणाऱ्याइतकाच जाणकार असे. पाच दिवसांत बैलाची खोड कळत असे. यंत्राच्या बाबतीत हे समीकरण मोडले.

इंग्लंडमध्ये हमीच्या कायद्याची घडण होत असताना घोड्यांच्या खरेदी-विक्रीचे खटले वारंवार पुढे आले, हा योगायोग नव्हे. तेथील मूळ तत्त्व ग्राहकाने स्वतःच सावध राहावे असे होते. १६०३ मधील चँडेलर विरुद्ध लोपस हा खटला त्याचे ठळक उदाहरण होय. एका सोनाराने विषावरील उतारा समजला जाणारा बेझोआर नावाचा खडा शंभर पौंडांना विकला. तो खडा खरा नव्हता. तथापि, हा अमुक खडा आहे असे नुसते म्हणणे म्हणजे हमी नव्हे, असे ठरून खरेदीदाराची मागणी फेटाळली गेली. हमी ही वेगळी, स्पष्टपणे दिलेली गोष्ट असली पाहिजे, हा विचार तेव्हापासून दृढ झाला. एकोणिसाव्या शतकाअखेर, १८९३ मध्ये, इंग्लंडने माल विक्रीचा स्वतंत्र कायदा केला. भारतात तोवर हा विषय १८७२ च्या करार कायद्याच्या एका प्रकरणात समाविष्ट होता. ते प्रकरण वगळून १९३० मध्ये इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर माल विक्री कायदा अमलात आला. तो आजही लागू आहे.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये 'अट' आणि 'हमी' यांत जो भेद केला आहे, त्यात पुढील सर्व गुंतागुंतीचे बीज आहे. कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असलेली गोष्ट ती अट. ती मोडल्यास खरेदीदार करार रद्द समजू शकतो. मुख्य हेतूला आनुषंगिक असलेली ती हमी. ती मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. इंजिन चालणे ही मोटारसायकलच्या खरेदीतील आनुषंगिक बाब आहे असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना त्याच कलमात असेही म्हटले आहे की, करारात 'हमी' असा शब्द वापरला असला तरी ती गोष्ट प्रत्यक्षात अट असू शकते. परंतु ग्राहकाची अडचण पुढच्या कलमात होती. एकदा माल स्वीकारला की अटीचा भंगसुद्धा हमीचा भंग म्हणूनच धरला जाई. वाजवी मुदत उलटेपर्यंत माल जवळ ठेवणे म्हणजे स्वीकारणे. इंजिन तर पहिल्या दिवशी बिघडत नाही. ते चार-सहा महिन्यांनी, काही हजार किलोमीटर झाल्यावर बिघडते. तोपर्यंत माल स्वीकारलेला असतो, आणि नाकारण्याचा हक्क संपलेला असतो.

त्यात भर म्हणून कलम १६ च्या एका परंतुकाने, व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या विशिष्ट वस्तूच्या बाबतीत ती विवक्षित हेतूला उपयुक्त असल्याची गर्भित अट मानली जाणार नाही, असे सांगितले. नावाजलेल्या कंपनीची गाडी नावावर विसंबून घेणाऱ्याला कायद्याने त्या विसंबण्याचा लाभ मर्यादित केला. कलम ६२ नुसार तर उभय पक्षांना आपापसातील करारान्वये गर्भित हक्क बाजूला सारता येत. छापील हमीपत्रातील बारीक अक्षरांना बळ मिळाले ते येथून.

प्रतीक्षायादीचा काळ

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके ही दुचाकीच्या टंचाईची दशके होती. मद्रासला एन्फिल्ड इंडियाची बुलेट, म्हैसूरला आयडियल जावा, फरीदाबादला एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोच्या स्कूटर, असा मोजका पुरवठा होता. स्कूटरच्या वितरणावर व विक्रीवर सरकारी नियंत्रण होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागून मिळालेली चेतक त्याच दिवशी खरेदीपेक्षा चढ्या भावाने विकता येत असे, ही गोष्ट त्या पिढीच्या आठवणीत पक्की आहे.

अशा बाजारात हमीपत्राला कितीसा अर्थ असणार? जी गाडी मिळविण्यासाठी इतकी वाट पाहिली, ती सदोष निघाली म्हणून परत करण्याचा विचार कोण करील? परत केल्यास रांगेच्या शेवटी उभे राहावे लागणार. विक्रेत्याला नवा ग्राहक शोधावा लागत नव्हता, त्यामुळे जुन्याला जपण्याचे व्यापारी कारणही नव्हते. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत हमी कागदावर असते आणि तिची अंमलबजावणी मागणे हीच एक चैन ठरते.

या काळातील खरी हमी म्हणजे गॅरेजमधील मिस्त्री. आणि त्यामागे यंत्राची रचना हेही एक कारण होते. बुलेटचा अपवाद सोडला तर बहुतेक गाड्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. या इंजिनात वंगणाची स्वतंत्र टाकी वा पंप नसे. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे. ऑईल कमी पडले, नव्या गाडीचे रनिंग-इन नीट झाले नाही, किंवा घाटात गाडी फार तापली की पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडके. यालाच 'इंजिन सीझ झाले' असे म्हणत. अनुभवी चालक आवाज बदलताच क्लच दाबून गाडी बाजूला घेई, थंड होऊ देई आणि पुन्हा किक मारी. बिघाड मोठा असेल तर हेड व सिलिंडर काढून पिस्टन-रिंगा बदलायच्या, नाहीतर लेथवर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालायचा. हे काम तालुक्याच्या गावी एका दिवसात होई. बिघाडाचे कारण मिस्त्रीला दिसे, तो ते मालकाला पिस्टन हातात देऊन दाखवी. थोडक्यात, इंजिन मालकाच्या डोळ्यांदेखत उघडले जात असे. पुढे जे हरवले, ते हे होय.

चार-स्ट्रोकचे आगमन

१९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत चित्र पालटले. शंभर सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी जपानी सहकार्याला सरकारने वाट करून दिली आणि इंड-सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्स-यामाहा, कावासाकी-बजाज या गाड्या पाठोपाठ रस्त्यावर आल्या. यांतील हिरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक होती. कमी पेट्रोल पिणारी, ऑईल न मिसळावी लागणारी ही गाडी आरंभी सावधपणे स्वीकारली गेली. पण पुढील दीड दशकात हीच रचना प्रमाण ठरली. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने दुचाकी उत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले आणि २००० पासून कडक झालेल्या प्रदूषण-निकषांनी दोन-स्ट्रोक मोटारसायकलचा काळ संपत आणला.

चार-स्ट्रोक इंजिनाने ग्राहकाचा नित्याचा त्रास कमी केला, यात शंका नाही. मात्र त्याच्या बिघाडाचे स्वरूप निराळे आहे. क्रँकशाफ्टचे बेअरिंग, कॅमशाफ्ट, रॉकर, व्हॉल्व्ह, पिस्टन या सर्वांचे आयुष्य तळाशी असलेल्या सुमारे एक लिटर तेलावर व ते फिरविणाऱ्या लहानशा पंपावर अवलंबून असते. तेल वर पोचले नाही तर प्रथम कॅम व रॉकर घासतात, टकटक असा आवाज येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळून इंजिन जाम होते. ही दुरुस्ती रस्त्याकडेला होणारी नाही. सुटे भाग कंपनीचे, मापे कंपनीची, खेचण्या-दाबण्याची खास हत्यारेही कंपनीचीच. ग्राहक मिस्त्रीकडून शोरूमच्या वर्कशॉपकडे वळला तो याच काळात.

स्पर्धेमुळे हमीपत्राचे रूपही बदलले. पूर्वी दुर्लक्षित असलेला हा कागद आता जाहिरातीचा विषय झाला. महिन्यांची मुदत वर्षांवर गेली. पुढे पाच वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी भाषा रूढ झाली. मुदतीबरोबर अटीही वाढल्या. सर्व मोफत सर्व्हिस ठरलेल्या दिवसांत वा किलोमीटरांत अधिकृत वर्कशॉपमध्येच झाल्या पाहिजेत, शिफारस केलेलेच ऑईल वापरले पाहिजे, गाडीत फेरफार झालेला नसावा, झिजणाऱ्या भागांना हमी लागू नाही, आणि बिघाड उत्पादनातील दोषामुळे झाला आहे अशी कंपनीची खात्री पटली पाहिजे. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्याच्याविरुद्ध दावा करायचा, त्याचीच खात्री पटवायची, अशी ही रचना आहे.

ग्राहक चळवळ आणि १९८६ चा कायदा

दुचाकी बाजारातील हे स्थित्यंतर आणि ग्राहक कायद्याचा उदय यांचा काळ एकच आहे. महाराष्ट्राचा वाटा यात मोठा आहे. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन झाली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. ग्राहक हा अर्थव्यवस्थेतील उपेक्षित घटक आहे आणि त्याचे प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या संथ चाकोरीत सुटणारे नाहीत, हा विचार या चळवळीने मध्यमवर्गीय महाराष्ट्रात रुजविला.

कायद्याच्या पातळीवर पहिले पाऊल मक्तेदारी-नियंत्रण कायद्यातील १९८४ च्या दुरुस्तीने पडले. पुरेशी व योग्य चाचणी न घेता वस्तूच्या कार्यक्षमतेची वा आयुष्याची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. त्यानंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. या कायद्याने माल विक्री कायद्यातील कोंडी बऱ्याच अंशी फोडली. माल स्वीकारला की नाही या प्रश्नाला बगल देऊन त्याने 'दोष' ही व्यापक संकल्पना केंद्रस्थानी आणली. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, नवी वस्तू देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे चारही मार्ग जिल्हा मंचाला मोकळे झाले. वकील नेमण्याची सक्ती नव्हती आणि दिवाणी दाव्यासारखे मोठे न्यायालय-शुल्कही नव्हते.

व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला मात्र हा कायदा लागू नव्हता. दूध घालणारा किंवा फेरीवर कपडे विकणारा माणूस मोटारसायकल वापरतो ती पोटासाठीच. मग तो ग्राहक की व्यापारी? १९९३ च्या दुरुस्तीत, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची समजू नये, असे स्पष्टीकरण जोडले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात त्याचा ऊहापोह केला. ज्याचे नुकसान गाडी बंद पडल्याने सर्वाधिक होते, त्या वर्गाला कायद्याचे दार उघडे झाले, ही या स्पष्टीकरणाची मोलाची बाजू.

उघडलेले इंजिन

येथवरचा प्रवास हक्काच्या विस्ताराचा आहे. आता पुराव्याकडे वळले पाहिजे.

समजा, सात-आठ महिने वापरलेल्या गाडीचे इंजिन जाम झाले. मालक ती टेम्पोत घालून शोरूमला नेतो. तेथे जॉब कार्ड तयार होते. त्यावर तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली जाते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. 'इंजिन अचानक बंद पडले' आणि 'इंजिनात ऑईल नाही' ही दोन वाक्ये एकाच घटनेची दोन वेगळी भवितव्ये ठरवितात. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले जाते. कनेक्टिंग रॉड निळसर पडलेला असतो, पिस्टनवर उभे ओरखडे असतात. वर्कशॉपचा निष्कर्ष ठरलेला असतो : वंगणाअभावी जळाले, म्हणजे मालकाने ऑईलची पातळी पाहिली नाही, सबब हमी लागू नाही.

हा निष्कर्ष अर्धाच खरा असू शकतो. धातू निळा पडला म्हणजे तेथे तेल पोचले नाही, इतकेच सिद्ध होते. का पोचले नाही, याची उत्तरे अनेक आहेत. मालकाने तेल तपासले नसेल. किंवा पंप सदोष असेल, तेलाच्या बारीक वाटेत ओतकामातील वाळूचा वा सीलंटचा कण अडकला असेल, रिंगा नीट न बसल्यामुळे तेल जळून संपले असेल, अथवा मागील सर्व्हिसमध्ये ड्रेन-बोल्ट सैल राहून ते झिरपले असेल. पहिल्या कारणाला मालक जबाबदार, शेवटच्याला विक्रेता आणि मधल्यांना उत्पादक. यांतील फरक सांगणाऱ्या खुणा, म्हणजे शिल्लक तेलाचे प्रमाण, त्याचा रंग, फिल्टरमधील कण, पंपाची स्थिती, या इंजिन पहिल्यांदा उघडतानाच दिसतात. तेल ओतून दिले, भाग धुतले, की त्या कायमच्या नाहीशा होतात. न्यायवैद्यकातील शवविच्छेदनासारखीच ही तपासणी एकदाच होते. फरक इतकाच की येथे ती करणारा हा संभाव्य आरोपींपैकी एक असतो.

१९८६ च्या कायद्याला ही अडचण अगदीच अज्ञात होती असे नाही. कलम १३ मध्ये अशी तरतूद होती की, योग्य चाचणीशिवाय दोष ठरविता येत नसेल तर मंचाने वस्तूचा नमुना घेऊन मोहोरबंद करावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. प्रयोगशाळेने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा आणि शुल्क तक्रारदाराने जमा करावे. या तरतुदीची भाषा वाचताना तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर तेलाचा डबा, मसाल्याची पुडी किंवा कापडाचा तुकडा असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. मोटारसायकलचे इंजिन म्हणजे नमुना नव्हे. मंचासमोर प्रकरण येईपर्यंत ते बहुधा उघडले गेलेले, कधी भाग बदलून परतही बसविलेले असते.

दुसरीकडे, उत्पादनातील दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा, अशी भूमिका राष्ट्रीय आयोगाच्या अनेक निकालांतून पुढे आली. तत्त्वतः ती अन्याय्य म्हणता येत नाही; नुसत्या आरोपावर कोणालाही नवी गाडी देता येणार नाही. पण व्यवहारात तज्ज्ञ कोण? अधिकृत वर्कशॉपचा अभियंता कंपनीचा असतो. गावातला मिस्त्री कितीही जाणकार असला तरी त्याच्यापाशी पदविका नसते. अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शासकीय तंत्रनिकेतन यांतील यंत्र-अभियांत्रिकीचा अध्यापक हा त्यातल्या त्यात मध्यममार्ग होय. ज्या तक्रारदारांनी इंजिन उघडण्याआधी लेखी पत्र देऊन आपल्या उपस्थितीचा आग्रह धरला, छायाचित्रे काढली, जुने भाग ताब्यात मागितले आणि प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपली, त्यांची बाजू मुळातच अधिक भक्कम राहते. एकाच दोषासाठी गाडी वारंवार वर्कशॉपमध्ये आणल्याच्या नोंदी हा तर तज्ज्ञाच्या अहवालाला बऱ्याच अंशी पूरक ठरणारा पुरावा. तथापि ज्याची रोजी त्या गाडीवर आहे, त्याला हा कागदोपत्री संयम परवडत नाही. 'अर्धा खर्च कंपनी देईल, अर्धा तुम्ही द्या' या तोडग्यावर तो सही करतो, आणि त्या सहीबरोबर बहुधा 'समाधानकारक दुरुस्ती झाली' या छापील ओळीवरही.

२००६ आणि त्यानंतर

मारुती उद्योग कंपनीच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल मोटारीबाबतचा असला, तरी दुचाकीच्या तक्रारींवर त्याची छाया कायम आहे. खरेदीदाराला संपूर्ण नवी गाडी देण्याचा आदेश त्यात टिकला नाही. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलून देण्याची जबाबदारी स्वीकारली असेल, तर उत्पादकाचे दायित्व तेवढ्यापुरतेच, असे न्यायालयाने म्हटले. मात्र खरेदीदाराला झालेल्या त्रासाबद्दल भरपाई मंजूर केली. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही १९३० च्या भूमिकेकडे अंशतः परत जाण्याची खूण आहे. १९८६ च्या कायद्याने मंचाच्या हाती दिलेला व्यापक अधिकार आणि उत्पादकाने स्वतः छापलेली मर्यादा यांत न्यायालयाने करारातील शब्दांना अधिक वजन दिले.

याच प्रश्नावर अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच निराळी वाट धरली होती. हेनिंगसेन प्रकरणात नव्या मोटारीचे स्टीअरिंग दहा दिवसांत निकामी झाले होते आणि हमीपत्रात केवळ भाग बदलून देण्याची जबाबदारी होती, तीही नव्वद दिवस किंवा चार हजार मैलांपुरती. सर्व उत्पादकांचे हमीपत्र एकसारखे असताना ग्राहकाला वाटाघाटीची संधीच नव्हती, असे सांगून ती मर्यादा न्यायालयाने अमान्य केली. पुढे १९७५ च्या संघीय कायद्याने, हमी टिकवायची तर विशिष्ट ब्रँडचाच भाग वा सेवा घ्या, अशी सक्तीही सामान्यतः निषिद्ध ठरविली. भारतात या दिशेने ठोस पाऊल पडायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्याच्या प्रथेवर बोट ठेवले. तो आदेश मोटारींपुरता होता. दुचाकीच्या हमीपत्रांची भाषा त्याने आपोआप बदलली नाही.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. अमुक शहरातील न्यायालयातच वाद चालेल, या हमीपत्रातील कलमाची धार त्यामुळे बोथट झाली. अनुचित करार ही नवी संकल्पना आली, पण त्याविरुद्धची दाद राज्य आयोगापासून सुरू होते. जिल्ह्याला तो अधिकार नाही. उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण तर फार गाजले. त्यात व्यक्त हमीनुसार उत्पादन नसेल, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही उत्पादक जबाबदार धरला जातो. परंतु 'हानी' या शब्दाची व्याख्या वाचली की उत्साह ओसरतो. खुद्द उत्पादनालाच झालेली इजा आणि हमीच्या शर्तींच्या भंगामुळे मालमत्तेचे झालेले नुकसान त्या व्याख्येतून वगळले आहे. धावत्या गाडीचे इंजिन जाम होऊन चालक पडला व त्याचा हात मोडला, तर हाताबद्दल या प्रकरणाखाली दावा होऊ शकतो, इंजिनाबद्दल नाही. इंजिनासाठी पुन्हा दोषाच्या जुन्याच तक्रारीकडे वळावे लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेली वाहने परत बोलाविण्याची तरतूदही चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक वा पर्यावरण यांना अपाय करणाऱ्या दोषांपुरती आहे.

उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील जबाबदारीचा प्रश्नही सुटलेला नाही. गोव्यातील एका मोटार-खरेदीदाराच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या दोघांतील संबंध स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असतील तर विक्रेत्याच्या कृत्याबद्दल उत्पादकाचा सहभाग वा माहिती सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असे स्पष्ट केले. सर्व्हिसमधील चूक विक्रेत्याची आणि उत्पादनातील दोष कंपनीचा, हे वेगळे करण्याचे काम म्हणजे पुन्हा उघडलेल्या इंजिनाकडेच येणे. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करण्याची प्रथा का रूढ झाली, हे यावरून ध्यानात यावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि साध्या मोटारसायकललाही इंधन-इंजेक्शन व संगणकीय नियंत्रक आला. हा नियंत्रक तापमान, वेग, बिघाडाचे संकेत यांची थोडीफार नोंद ठेवतो, म्हणजे पुराव्याचे एक नवे साधन निर्माण झाले. ती नोंद वाचण्याचे यंत्र मात्र पुन्हा अधिकृत वर्कशॉपमध्येच आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. कंपन्यांनी तेथे माहितीपुस्तिका, सुटे भाग व हमीचा तपशील द्यावा अशी अपेक्षा आहे. नियंत्रकातील नोंदीची छापील प्रत ग्राहकाला मागता येईल असा स्पष्ट नियम त्यातून निर्माण झालेला नाही. प्रयोगशाळेची जुनी तरतूद २०१९ च्या कायद्यात कलम ३८ म्हणून जवळजवळ त्याच शब्दांत उतरली आहे : नमुना घ्यावा, मोहोरबंद करावा, पाठवावा, पंचेचाळीस दिवसांत अहवाल यावा आणि शुल्क तक्रारदाराने भरावे.